दोन लाख तेरा हजार

क्लाइपेडाच्या बंदर-कचेरीत
रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी
सगळा पत्रव्यवहार गोठायचा.
पडद्यावर छोटं चक्र फिरत राहायचं
आणि तिसऱ्या मजल्यावरून फोन यायचा :
"आउद्रियुस, तुझा सर्व्हर पुन्हा झोपला."

झोपला नव्हता.
मी तळघरात त्याच्या शेजारीच बसलेलो असायचो
दोन स्वेटर चढवून,
ऐकत असायचो डिस्कची करकर :
कणगीत शिरलेल्या उंदरानं
नेमका एकच दाणा शोधावा, तशी.

मेमरी वाढवून पाहिली.
नवी डिस्क मागितली, तर गिंतौतस साहेब म्हणाले,
"आधीची कुठे भरलीय?"
खरंच भरली नव्हती. अर्धी रिकामी होती.

मग एका मंगळवारी, नोंदी चाळता चाळता
एकच नाव वर येत राहिलं : दांगुओले.
पायलट बोटींच्या वेळा लावणारी.
नोकरी बावीस वर्षं.
इनबॉक्स एक, पोटात कप्पा एकही नाही,
पत्रं दोन लाख तेरा हजार चारशे सहा.

आणि मी वेडा, मेगाबाइट मोजत बसलेलो.
वजनानं थकत नाही सर्व्हर.
भलंमोठं चित्र जोडलेलं पत्र
तो हमालासारखं उचलतो, ठेवतो, विसरतो.
डोकी मोजताना मात्र त्याच्या नाकी नऊ येतात.

नऊ दहाला दांगुओले कोट खुंटीला लावते,
'पाठवणारा' या शब्दावर एक टिचकी मारते,
आणि खाली तळघरात
दोन लाख तेरा हजार जण
एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत
आडनावांनुसार उभे राहू लागतात.
मग तिला वाटतं, नको, तारखेनुसारच बरं.
पुन्हा सगळे उठतात.
तोवर बंदरातली उरलेली नव्वद खाती
आपापली तीन ओळींची पत्रं हातात धरून
दाराशी ताटकळतात.

मी वर गेलो.
तिनं काळ्या पावावर धुरावलेला मासा ठेवून पुढे केला.
म्हटलं, "काही पुसून टाका ना."
"काय पुसू?" तिनं एक पत्र उघडलं.
ल्युबेकच्या कुठल्याशा मालवाहू जहाजाचं,
आत एकच शब्द : पोहोचलो.
खाली आणखी एक : पोहोचलो.
त्याखाली आणखी.
"हे पुसले,
तर न पोहोचलेलं कुठलं, ते कसं ओळखू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मासा खारट होता, चांगला होता.
म्हटलं, "पुसू नका. कप्पे करू. वर्षावार."
"वर्षं माझ्या ध्यानात राहत नाहीत," ती म्हणाली,
आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर
पेन्सिलनं लिहीत गेली :
लगून गोठलं तो हिवाळा.
क्रेन कोसळली त्याआधी.
क्रेन कोसळली त्यानंतर.
नाव बदललेली जहाजं.
भांडखोर कप्तान.
धुकं.

धुक्यातच निघाली एकाहत्तर हजार.
मी म्हटलं, हे अजून फोडावं लागेल.
तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं, मग लिहिलं :
पहाटेचं धुकं. रात्रीचं धुकं.
कुणीच ज्याचा अंदाज दिला नव्हता ते धुकं.

रात्रभर हलवाहलव चालली.
साडेपाचला डिस्कची करकर थांबली
आणि मला पंख्याचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला.
नऊ दहा झाले. फोन नाही.
नऊ चौदाला आला, तिचाच.
"फारच लवकर उघडतंय रे सगळं.
एवढ्या वेळात माझी कॉफी व्हायची."

मग मी ऐटीत माझा स्वतःचा इनबॉक्स उघडला.
चक्र फिरलं.
फिरत राहिलं.
एकसष्ट हजार, बहुतेक न वाचलेली,
आणि बहुतेक सर्व्हरनंच मला लिहिलेली.
सगळ्यांत खालचं चार वर्षांपूर्वीचं होतं :
'एका फोल्डरमध्ये नोंदी फार झाल्या आहेत.
कृपया लक्ष द्यावे.'